ऋतूचे गाणे आणि संग्रहातले गाणे

विधीसाठी रचलेले गाणे विधीबाहेर ऐकले, तर ते तेच गाणे राहते का? हा प्रश्न ध्वनिमुद्रणाने निर्माण केला. त्याआधी देवाचे गाणे ऐकायचे तर देवाच्या दारी जावे लागे, ठरलेल्या तिथीला जावे लागे आणि ते गाणाऱ्या माणसांच्या सोबत बसावे लागे. आज एखाद्या रसिकाला वर्षभरात दहा प्रदेशांतले दहा संग्रह सापडतात. त्यांतले काही देवघरातले असतात, काही खळ्यावरचे, काही मृत्यूनंतरच्या विधीतले. वर्ष संपताना त्यांतल्या आवडत्यांची यादी केली जाते आणि इतरांना सांगितली जाते. या आनंदात गैर काही नाही. मात्र सापडलेल्या वस्तूला बहुधा आधीचा धनी असतो, आणि धार्मिक गाण्याच्या बाबतीत तो धनी कोण, हे ठरवणे सोपे नाही. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत या प्रश्नाचे सगळे पदर एकत्र दिसतात.

जव्हार-मोखाड्यातले वर्ष

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचा हा डोंगराळ मुलूख वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजांचा आहे. जव्हारला मुकणे घराण्याचे महादेव कोळी संस्थान होते. ते स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात विलीन झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि दोन्ही तालुके त्यात आले. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो, पण उतारावर पाणी ठरत नाही. खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरई ही मुख्य पिके. बहुतेक शेती एका पावसावर चालते, त्यामुळे वर्षाची घडी त्या एका पिकाभोवती बसलेली आहे आणि संगीताची घडीही तीच आहे.

तारपा हे या भागाचे सर्वांत परिचित वाद्य. वाळलेल्या दुधी भोपळ्याच्या पोटात हवा भरते, खाली बांबूच्या दोन नळ्या असतात, त्यांत पात्या बसवलेल्या असतात, सांधे मेणाने बुजवतात आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा जोडतात. वादक श्वास न तोडता वाजवतो: गालांत साठवलेली हवा बाहेर जात असतानाच नाकाने नवी आत घेतो. त्यामुळे सूर अखंड राहतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून वादकामागे साखळी धरतात आणि वादक वळेल तशी ती साखळी वळते. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा या वाद्याचे नाव या मुलखाबाहेर अनेकांच्या कानांवर प्रथमच गेले.

तारपा बारमाही वाद्य नाही. परंपरेने तो भात पिकू लागल्यावर निघतो आणि कापणी, नवा तांदूळ, दिवाळी या काळात वाजतो. नारनदेव हा वारल्यांचा पावसाचा देव आणि कणसरी ही धान्याची देवी. पीक हाती येणे हे या दोघांच्या कृपेचे फळ मानले जाते आणि तारपा हा त्या कृतज्ञतेचा आवाज. कणसरीच्या पूजेत घांगळी वाजते. बांबूच्या दांड्याला दोन भोपळे आणि त्यावर तारा, असे तिचे रूप. तिच्या साथीने भगत रात्रभर देवीची कथा गातो. लग्नात गाण्याचा मान धवलेरीचा. ती स्त्री असून पुरोहितही आहे, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात, त्याच्या मधोमध पालघाट देवी असते. कोकणा समाजात काशाच्या थाळीवर मेणाने एक बारीक काडी उभी करतात आणि ती बोटांनी वरून खाली ओढत राहतात. त्यातून निघणाऱ्या संथ घुमाऱ्यावर कथा सांगितली जाते. मृताच्या विधीत या थाळीला विशेष स्थान आहे. होळीनंतर बोहाडा येतो. देवदेवतांचे मुखवटे चढवलेली सोंगे रात्रभर निघतात, प्रत्येक सोंगाची चाल निराळी आणि ती चाल संबळ व सनईवर ठरते. शेवटी देवी महिषासुराचा वध करते आणि उत्सव संपतो.

पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालणारा हा एक अखंड संगीतसंग्रहच म्हणता येईल. त्याचा क्रम मात्र ऐकणाऱ्याच्या हाती नाही. कोणते गाणे केव्हा ऐकायचे, हे पीक, लग्न, मृत्यू आणि सण ठरवतात. श्रोता गाणे निवडत नाही, गाण्याची वेळ येते तेव्हा तो तेथे असतो.

अधिकार, देश आणि काल

या व्यवस्थेला भारतीय धर्मविचारात नेमकी परिभाषा आहे. मीमांसा दर्शनाने कर्माचा विचार करताना अधिकार, देश आणि काल यांना मध्यवर्ती स्थान दिले. कर्म कोणी करायचे, कोठे करायचे आणि केव्हा करायचे, हे ठरलेले असते. ती चौकट मोडली, तर क्रिया हुबेहूब तशीच दिसली तरी तिचे फळ मिळत नाही. वारली किंवा कोकणा धर्म वैदिक नाही, त्याला ग्रंथ नाही आणि त्याचे पुरोहित वेगळे आहेत. तरीही या तीन अटी तेथे तितक्याच कडक आहेत. धवलेरीचे गाणे इतर कोणी म्हटले म्हणून लग्न लागत नाही. कणसरीची कथा धान्यासमोर सांगायची असते. मृतासाठीची थाळी सहज करमणूक म्हणून घरात वाजत नाही.

शास्त्रीय संगीतातही काळाची ही जाणीव होती. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याचे पूर्वज काश्मीरहून दक्षिणेत आले होते. या ग्रंथात रागांना प्रहर आणि ऋतू नेमून दिलेले आढळतात. निरनिराळ्या प्रदेशांतल्या लोकांच्या मनाला रुचणाऱ्या गीत-वाद्य-नृत्याला शार्ङ्गदेव ‘देशी’ म्हणतो आणि ग्रंथाचा फार मोठा भाग त्याच्या वर्णनाला देतो. आजही पहाटेचा राग संध्याकाळी गाणारा गवई विरळाच. मात्र मैफलीत समय हा औचित्याचा प्रश्न असतो, खळ्यावर तो श्रद्धेचा प्रश्न होतो. अवेळी गायलेला राग फिका वाटेल, पण अवेळी घेतलेले देवीचे नाव देवीशी असलेला संबंध दुखावू शकते.

यापुढचा भेद अभिनवगुप्ताच्या रसविचाराने स्पष्ट होतो. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात काश्मीरमध्ये लिहिलेल्या ‘अभिनवभारती’त तो सांगतो की रसास्वादासाठी अनुभवातले विशिष्ट देश-काल गळून पडावे लागतात. रंगमंचावरचे दुःख अमक्याचे आहे, अमक्या दिवशीचे आहे, ही जाणीव मावळली की ते सर्वांचे होते. यालाच साधारणीकरण म्हणतात. विधी याच्या नेमका उलट चालतो. तेथे हेच घर, हेच धान्य, हाच मृत माणूस आणि हीच रात्र महत्त्वाची असते. ती विशिष्टता गेली, तर विधी उरत नाही.

ध्वनिमुद्रण गाण्याला देश-कालापासून सोडवते. म्हणून ते रसाला अनुकूल आहे आणि विधीला प्रतिकूल. दूरच्या शहरात कोणी तारप्याचा सूर ऐकून हलून जातो, तेव्हा त्याला मिळालेला रस खरा असतो. नवान्नाची कृतज्ञता मात्र त्याच्या वाट्याला येत नाही, कारण त्या भाताची लावणी त्याने केलेली नसते आणि त्या पावसाची वाटही त्याने पाहिलेली नसते.

तेच गाणे की तसेच गाणे

मुद्रित सूर आणि मूळ सूर यांचे नाते काय, यावरही प्राचीन वाद उपयोगी पडतो. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत पहिल्याच पादात शब्दाच्या नित्यत्वाची चर्चा आहे. मीमांसकांच्या मते शब्द उत्पन्न होत नाही, उच्चाराने तो प्रकट होतो. त्यांचा एक महत्त्वाचा आधार प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख. काल ऐकलेला ‘ग’ आज ऐकला की माणूस ‘हा तोच ग’ म्हणतो, ‘हा त्याच्यासारखा दुसरा ग’ म्हणत नाही. न्याय दर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नाही. शब्दाला कारण असते, तो उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. पाण्यात एका लाटेतून दुसरी उठावी तसा तो कानापर्यंत पोहोचतो, याला ते वीचीतरंगन्याय म्हणतात. ‘तोच’ वाटणे हा सादृश्यामुळे होणारा भास आहे, असे त्यांचे म्हणणे.

हा वाद वर्णांविषयी होता, सुरावटींविषयी नव्हता. तरी ध्वनिमुद्रणाला तो सहज लागू पडतो. मीमांसकाच्या वाटेने गेले, तर तारप्याचे गाणे वादकाच्या आधीही होते. वादकाने ते एकदा प्रकट केले, यंत्राने पुन्हा प्रकट केले. नैयायिकाच्या वाटेने गेले, तर खळ्यावरचा सूर त्या रात्रीच विरला आणि यंत्रातून येतो तो त्याच्यासारखा नवा सूर आहे. भौतिक घटना पाहता नैयायिकाचे म्हणणे अधिक बरोबर आहे, कारण ध्वनिवर्धकाचा पडदा हवेत खरोखरच नवे तरंग उठवतो. पण श्रद्धेचा अनुभव मीमांसकाच्या बाजूने उभा राहतो. भगताला विचारले, तर गाणे त्याने रचलेले नसते. ते त्याच्या गुरूकडून आलेले असते, गुरूला त्याच्या गुरूकडून, आणि अखेरीस देवाकडून. त्याच्या दृष्टीने गाणे आधीपासून आहेच, तो त्याला फक्त वाट करून देतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. भगत स्वतःला गाण्याचा निर्माता मानत नाही, मग श्रोता त्याचा शोधक कसा ठरेल? सुरुवातीपासून जे गायले जात होते, ते एखाद्याच्या कानावर उशिरा पडले, एवढेच त्या शोधात घडलेले असते. वारली चित्रांच्या बाबतीतही हेच झाले. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या कलावंतांमुळे ही चित्रे बाहेरच्या जगासमोर आली आणि डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) कागदावर चित्रे काढू लागले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन लाभले. भिंतीवरचा चौक लग्नापुरता आणि सुवासिनींच्या हातचा होता. कागदावरचे चित्र विकाऊ झाले, बाराही महिन्यांचे झाले आणि बरेचसे पुरुषांच्या हाती गेले. त्यातून कुटुंबांना उत्पन्न मिळाले, जगभर ओळख मिळाली. वर्तुळात नाचणारी माणसे आणि मध्ये तारपावाला हे चित्र भिंतींपासून साड्यांपर्यंत पोहोचले. तारप्याचे चित्र असे त्याच्या आवाजाच्या फार पुढे निघून गेले आणि ज्यांनी ते शेकडो वेळा पाहिले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो सूर कधी ऐकलेला नाही.

ध्वनिमुद्रण स्वतःच विधी होते तेव्हा

एवढ्यावरून ध्वनिमुद्रण आणि प्रक्षेपण धर्मभावनेला नेहमी मारकच असते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मराठी समाजाचा अनुभव वेगळे सांगतो. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडक्यांचे संगीत, आठवड्याला एक नवे गीत. त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. प्रक्षेपणाच्या वेळी घराघरांत रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, अशा आठवणी त्या पिढीने सांगितल्या आहेत. येथे यंत्राने काळ मोडला नाही, उलट नवा पवित्र काळ घडवला. ठरलेल्या वेळी सगळे एकत्र बसत होते आणि पुढच्या गीतासाठी आठवडाभर थांबत होते. प्रतीक्षा आणि सामुदायिक श्रवण ही विधीची दोन्ही लक्षणे त्या वर्षभरात होती.

गणेशोत्सवात ध्वनिमुद्रित आरतीच्या तालावर टाळ्या वाजवत संपूर्ण मंडळ उभे राहते, तेव्हाही मुद्रित आवाज उपासनेचा भाग होतो. कारण आरती म्हणायचा अधिकार सर्वांना आहे, तिची वेळ पाळली जाते आणि समोर मूर्ती असते. विधीच्या तिन्ही अटी शाबूत राहिल्या, तर आवाज गळ्यातून येतो की यंत्रातून, हा प्रश्न दुय्यम ठरतो. अटी तुटल्या, तर जिवंत गायनही विधी राहत नाही. महोत्सवाच्या मंचावर दिवसाउजेडी, दहा मिनिटांत उरकलेले तारपानृत्य हे त्याचे उदाहरण. वादक खरा, वाद्य खरे, पण धान्य नाही, रात्र नाही आणि देवही नाही. सीमारेषा जिवंत आणि मुद्रित यांच्यामधून जात नाही, संबंध आणि संबंधविच्छेद यांच्यामधून जाते.

संबंध तोडण्याचे टोकाचे उदाहरण अवकाशात आहे. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचे भैरवीतले ‘जात कहाँ हो’ १९७७ मध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे. भैरवी हा मूळचा सकाळचा राग आणि प्रथेने मैफलीची सांगता करणारा. ती यानांसोबत ग्रहांच्या कक्षांपलीकडे गेली, जेथे पहाट होत नाही आणि मैफल संपत नाही. तेथे ती कोणी ऐकली, तर ऐकणाऱ्याला या वेळेची कल्पना देणारे काहीही त्या सुरांत नाही. सूर पूर्ण पोहोचतील, प्रहर मागेच राहील.

वांगणी: धान्याचे गाणे आणि भूक

संबंधाची ही चर्चा जव्हार तालुक्यातल्या वांगणीपाशी अधिक गंभीर होते. महाराष्ट्राला हे नाव गाण्यामुळे माहीत नाही. १९९२-९३ च्या सुमारास वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके मोठ्या संख्येने दगावली. वृत्तपत्रांत, विधिमंडळात आणि पुढे कितीतरी अहवालांत हे जोडनाव आदिवासी भागातल्या उपासमारीची खूण होऊन बसले. त्यानंतरच्या वर्षांत राज्याने आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना आणली. तरीही जव्हार-मोखाड्यात कुपोषणाचा प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिला.

ज्या मुलखात कणसरीची कथा रात्रभर गायली जाते, त्याच मुलखात अन्नावाचून मुले जावीत, हा विरोध सहज बाजूला सारता येणारा नाही. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातून देवीचे अपयश दिसू शकते. पण कणसरीची भक्ती विपुलतेच्या अनुभवातून आलेली नाही. ज्याच्या कणग्या भरलेल्या असतात, त्याला धान्य ही देवी वाटण्याची निकड नसते. जिथे एका पावसावर वर्ष अवलंबून आहे आणि भाद्रपदात घरातले धान्य संपत आलेले असते, तिथे कणीस हातात येणे हा दरवर्षीचा चमत्कार असतो. देवीचे गाणे त्या अनिश्चिततेतून उमटते. वावर-वांगणीतल्या मृत्यूंची कारणे शेतीची लहान खाचरे, हाताला काम नसणे, आरोग्यसेवा दूर असणे आणि शासनाची उदासीनता यांत होती. त्यांचे उत्तर देवीला नाही, माणसांनाच द्यावे लागते.

संग्रहातून ऐकलेल्या गाण्यातून नेमका हाच पदर गळतो. श्रोत्याला लय मिळते, अनोख्या वाद्याचा नाद मिळतो, ‘निसर्गाशी एकरूप जीवन’ असे कौतुकाचे शब्दही सोबत छापून येतात. भूक मात्र ऐकू येत नाही. रसासाठी देश-काल गळणे आवश्यक आहे, असे मान्य केले तरी येथे गळणारा देश-काल म्हणजे माणसांचे जगणे आहे. धार्मिक गाण्याच्या सौंदर्यग्रहणात एक नैतिक उणीव राहू शकते, ती या ठिकाणी.

संग्रहाची दुसरी रीत

ही उणीव भरून काढता येते, हे मराठीतल्या एका मोठ्या कामाने दाखवले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया हा संग्रह वाचकांपुढे आणत आहे. विजेच्या गिरण्या आल्या आणि घरोघरी पहाटेचे दळण थांबले. ओवीला जन्म देणारे कामच उरले नाही. तेव्हा मुद्रण झाले नसते, तर बहुतेक ओव्या गाणाऱ्या बायांबरोबर संपल्या असत्या.

या संग्रहाचे वैशिष्ट्य असे की ओवीसोबत गाणारीचे नाव आहे, गाव आहे, तिच्या आयुष्याची हकीकत आहे. सीतेच्या वनवासाची ओवी गाणारी बाई स्वतः कोणता वनवास भोगते आहे, हे ऐकणाऱ्याला कळते. राम, विठ्ठल, आंबेडकर, माहेर, भाऊ, लेक असे विषय तिच्या जगण्यापासून तोडलेले नाहीत. येथेही विधी उरला नाही, दळणही उरले नाही. संबंध मात्र जपला गेला. भारतीय मौखिक संगीताचे शास्त्रशुद्ध जतन करणारे आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथनोम्युझिकॉलॉजी १९८२ मध्ये पुण्यात सुरू झाले आणि पुढे दिल्लीकडे गेले. अशा संस्थांच्या कामातही गायकाची संमती, त्याचे नाव आणि मुद्रणाचा प्रसंग यांची नोंद हा संग्रहाचा अविभाज्य भाग असतो. काही गाणी समाजाच्या इच्छेनुसार खुली न करणे हेही त्यात बसते. मृताच्या विधीतली थाळी मुद्रित करावी का, केली तर कोणाला ऐकवावी, याचा निर्णय त्या घराचा आणि त्या समाजाचा.

वीटभट्टीवरचा तारपा

मुद्रित गाण्याची सर्वांत मोठी गरज कोणाला आहे, याचा विचार केला की चित्र पालटते. दिवाळीनंतर, खळी आटोपली की जव्हार-मोखाड्यातली अनेक कुटुंबे पोटासाठी बाहेर पडतात. वसई, भिवंडी, शहापूर या बाजूच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, रेतीवर ती जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तारप्याचा काळ आणि गावात माणसे असण्याचा काळ जवळपास एकच आहे. नाचाची साखळी धरायला माणसे लागतात, ती त्यानंतर भट्ट्यांवर विखुरलेली असतात. होळीला आणि बोहाड्याला ज्यांना जमेल ते येतात, बाकीच्यांना मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुट्टी नसते.

अशा वेळी मोबाइलमधला तारपा ऐकणाऱ्या मजुराचे श्रवण शहरातल्या संग्राहकाच्या श्रवणापेक्षा वेगळे आहे. मूळ विधी त्याने पाहिलेला आहे, साखळीत त्याचे पाय पडलेले आहेत. यंत्रातून येणारा सूर त्याला परका अनुभव देत नाही, हरवलेला संबंध आठवून देतो. प्रत्यभिज्ञेचा मीमांसकी अर्थ येथे पूर्ण लागू पडतो: त्याला ते तेच गाणे वाटते, कारण ओळखायला मूळ गाणे त्याच्यापाशी आहे. आज या पट्ट्यातल्या लग्नांत तारप्याच्या सुरांची विद्युत वाद्यावरची नक्कल डीजेवर वाजते. जाणत्यांना त्याचे वाईट वाटते आणि ते समजण्याजोगे आहे, कारण तारपा घडवणारे आणि वाजवणारे हात त्यामुळे कमी होतात. तरी नाचणारी पिढी त्या सुराला आपला मानते, हेही तितकेच खरे आहे. वाद्य बदलले तरी समाज एकत्र येतो. ऋतू आणि देव यांचे काय होते, हे मात्र पुढच्या पिढ्यांच्या आचरणावर अवलंबून राहील.

श्रोत्याचे ऋण

आरंभीच्या प्रश्नाला आता उत्तर देता येते. विधीबाहेर ऐकलेले गाणे सुरांच्या दृष्टीने तसेच असते, रसाच्या दृष्टीने पूर्ण असू शकते, पण विधीच्या दृष्टीने ते त्या विधीची साक्ष असते, तो विधी नसतो. साक्ष कमी मोलाची नाही. साक्षीमुळे दूरच्या माणसाला कळते की या जगात धान्याला देवी मानणारे लोक आहेत, लग्न लावणारी स्त्री आहे, मृताला कथा सांगून निरोप देणारी थाळी आहे. मात्र जो साक्ष ऐकतो, त्याच्यावर काही जबाबदारी येते.

तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. देवांचे ऋण यज्ञाने फिटते, पितरांचे प्रजेने आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरूजवळ राहून केलेल्या अध्ययनाने. गाणे ऐकण्याने येणारे ऋण ऋषींच्या ऋणाच्या प्रकारात बसते. श्रोत्याला रस मिळाला, पण तो ज्या श्रमातून, श्रद्धेतून आणि प्रसंगी उपासमारीतून आला, त्याची किंमत त्याने दिलेली नाही. आवडते म्हणून संग्रहात ठेवल्याने ती फिटत नाही. ती अध्ययनाने फिटते: गाणाऱ्याचे नाव आणि गाव जाणून घेणे, गाणे कोणत्या ऋतूचे आणि कोणत्या विधीचे आहे हे समजून घेणे, जे ऐकवायचे नाही ते न ऐकण्याचा संयम ठेवणे, मुद्रणातून होणाऱ्या मिळकतीत गायकाचा वाटा मानणे आणि त्या मुलखातल्या अन्नाच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या प्रश्नांबाबत कान बंद न करणे.

यांतली शेवटची अट संगीतबाह्य वाटू शकते, पण ती गाण्यातच आहे. कणसरीची कथा धान्य सर्वांच्या घरी यावे म्हणून गायली जाते. वांगणीच्या घरात धान्य आहे की नाही याची ज्याला फिकीर नाही, त्याने त्या कथेचा नाद ऐकला, अर्थ ऐकला नाही. वर्षभरात नवी गाणी सापडण्याचा आनंद निर्मळ आहे आणि तो घ्यावा. ज्यांच्याकडून ती मिळाली, त्यांच्याशी नाते जोडले की त्या आनंदाला धर्माचा आधार मिळतो.